कांदळवनात जाण्याआधी तिथी पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी बोरिवलीत राहते, वनस्पतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्या महाविद्यालयाच्या निसर्ग मंडळाचे काम पाहते. थंडी सुरू झाली की खाडीकाठच्या स्वच्छता मोहिमांची छायाचित्रे आपल्या दैनिकात येऊ लागतात. तशीच एक मोहीम यंदा आम्ही गोराई खाडीच्या कांदळवनात काढली. तिच्यात आमची जी चूक झाली ती इतरांची होऊ नये, म्हणून हे पत्र.

परीक्षेआधीचा शेवटचा मोकळा रविवार म्हणून आम्ही तो दिवस धरला. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, त्यांचीही सोय होत होती. ४३ जण साडेनऊला जमलो. हजेरी, हातमोजे, गोण्यांचे वाटप यात दहा वाजले. आदल्या दिवशी अमावास्या होती, हे कोणाच्या ध्यानातही नव्हते.

अमावास्या-पौर्णिमेला मुंबईत पूर्ण ओहोटी सकाळी सहाच्या सुमारास असते आणि बाराच्या पुढेमागे पूर्ण भरती. शिवाय ते उधाणाचे दिवस. पाणी चार मीटरच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक चढते-उतरते. म्हणजे आम्ही चिखलात पाय ठेवला तेव्हा पाणी चढत होते. पाऊण तासात ते पोटऱ्यांना लागले. मुले घाईने मागे फिरली आणि वाट दिसेना तशी तिवरांच्या, म्हणजे कांदळवनातल्या झाडांच्या, श्वासमुळांवरून चालत आली. पेन्सिलीएवढी ही मुळे चिखलातून वर डोके काढून हवा घेतात, कारण त्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतोच. पायाखाली ती कडकड मोडत होती. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना ही मुळे म्हणजे झाडाचे नाक असे अर्ध्या तासापूर्वी मीच समजावले होते.

होडी लावायला आलेल्या एका कोळी मामांनी हाका मारून आम्हा सगळ्यांना बांधावर घेतले. २७ गोण्या भरल्या होत्या. दुधाच्या पिशव्या, थर्माकोल, चपला, निर्माल्यासकट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. गाडी ठरली होती, ती आली नाही. गोण्या बांधाच्या कडेला रचून, फोटो काढून आम्ही घरी गेलो.

पुढच्या रविवारी आम्ही बाराच जण परत गेलो. बांधावर तीन गोण्या उरल्या होत्या. बाकीच्या भरतीने नेल्या होत्या. आमच्या मंडळाचे नाव मार्करने लिहिलेली एक गोणी आत, तिवराच्या फांदीला फाटून लटकत होती आणि तिच्यातले प्लास्टिक पुन्हा त्याच मुळांवर पसरले होते. माझी मैत्रीण तिथेच रडू लागली.

त्या दिवशी मात्र अष्टमी होती. पाणी उतरत चालले होते, बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. साडेनऊ ते एक असे सलग साडेतीन तास मिळाले. ठरलेल्या एकाच वाटेने, ओळीने आत गेलो. मुळांत गुंतलेले प्लास्टिक न ओढता कात्रीने कापून काढले. ओढले की मूळही तुटते. निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, चिखलावर उड्या मारताना दिसल्या. तिवराचे पान चाटून त्यावरचे मीठही सगळ्यांनी चाखले, जे आधीच्या रविवारी राहूनच गेले होते. नऊ गोण्या भरल्या आणि उरलेल्या तिन्हींसह वर्गणीच्या टेम्पोतून त्याच दुपारी हलवल्या. ४३ जणांच्या २७ गोण्यांपेक्षा मला या नऊ मोलाच्या वाटतात.

मामांनी शिकवलेला हिशेब इथे देते. किनाऱ्यावरच्या लोकांना तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, आम्हा विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना नव्हता. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाला आणि ओहोटी साधारण सव्वासहा तासांनी, बाराच्या पुढे. पौर्णिमेची सव्वाअकरा. दोन्ही पक्षांत हिशेब तोच. तो ढोबळ आहे, जागेप्रमाणे थोडा फरक पडतो, पण रविवार निवडायला पुरतो. सप्तमी ते नवमीच्या भांगाच्या भरतीला पाणी फार वर चढत नाही, त्यामुळे काठावरचा कचराही लगेच वाहून जात नाही. तरी गाडीची खात्री झाल्याशिवाय एकही गोणी भरू नये, असे मी आता म्हणेन.

२६ जुलै हा जागतिक कांदळवन दिन. त्या दिवशी अनेक महाविद्यालये खाडीवर जातात. मुंबईकरांना ही तारीख वेगळी सांगायला नको. २००५ साली याच दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. पावसाळ्यात या तारखेला उधाण आले, तर मुलांना आत नेण्याचा हट्ट धरू नये. कार्यक्रम वर्गात करावा आणि खाडीवर नंतरच्या अष्टमीला जावे.

आपल्याला एक विनंती आहे. शनिवारच्या अंकात रविवारची तिथी आणि भरती-ओहोटीच्या वेळा ठळक छापाव्यात. आमच्या सूचना फलकावर आम्ही त्या कापून लावू.

आपली,
एक विद्यार्थिनी, बोरिवली (पश्चिम), मुंबई