सत्ताविसाव्या खेळीपुढचं प्रश्नचिन्ह

तीर्थरूप आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार.

पाकीट बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. घर रिकामं करायचं काम चालू आहे, पंधरा तारखेला बिल्डरला किल्ली द्यायची आहे आणि सामान हलवणारा माणूस अजून भाव खाली आणत नाहीये. ते सगळं फोनवर सांगतेच. पण आज जे लिहायचंय ते फोनवर जमणार नाही. बाबांना फोनवर ऐकू येत नाही म्हणून फोन स्पीकरवर जातो, मग आई माझं प्रत्येक वाक्य "अहो, ती काय म्हणतेय" करून स्वतःच्या शब्दांत सांगते, आणि मागून दादा ओरडतो की आवाज कमी करा. म्हणून पत्र. बाबा, तुम्ही वाचा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा. दादाला नंतर.

काल माळा उपसला. तांब्याचा बंब निघाला (आई, तो विकायचा नाही हे कळलंय मला, नाशिकला पाठवते). 'नवा व्यापार'चा खोका निघाला, त्यातल्या पाचशेच्या नोटा दादाच्या अंदाजपत्रकाप्रमाणे अजूनही मोजल्या तर कमीच भरतात. बँक कायम त्याच्याकडे आणि श्रीमंतही कायम तोच, हे आपल्याला कधी खटकलं नाही. आणि त्याच्याखाली, जुन्या चादरीत गुंडाळलेला, रेक्झिनचा पट. हिरवी-पांढरी घरं. एका कोपऱ्यात चहाचा डाग आहे, तो बाबांचा. पिशवीत मोहरी एकतीसच आहेत. काळा हत्ती एक कमी, त्याच्या जागी तो जिऱ्याच्या बाटलीचा बूच तसाच आहे अजून.

मी पट अंथरून बसले. कामाचे दोन तास गेले.

बाबा, तुम्ही मला जे बुद्धिबळ शिकवलंत ते सांगलीचं होतं, आजोबांचं. प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर सरकणार. राजाला शह बसला नसेल तर एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी. प्यादं शेवटच्या ओळीत ज्या घरात पोचेल त्या घरचं मोहरं होणार, उगाच उठसूट वजीर नाही. मी तेच वेद मानून पाचवीत शाळेच्या संघात गेले आणि पहिल्याच आंतरशालेय स्पर्धेत, सगळ्यांसमोर, राजा उचलून अडीच घरं टाकला. समोरचा मुलगा आधी हसला, मग त्याने पंचांना बोलावलं, मग पंचही हसले. पुढच्या डावात, इतरांचं बघून मीही प्यादं एकदम दोन घरं सरकवलं, तर समोरच्याने ते शेजारून तिरकं मारलं. मी म्हटलं, हे चीटिंग आहे. तो म्हणाला, एन पासंट आहे. मला वाटलं शिवी दिली.

त्या दिवशी कोथरूड डेपोच्या बसमध्ये मी लकडी पुलापासून रडत आले, आठवतंय? तुम्ही काही बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर तुम्ही परस्पर अप्पा बळवंत चौकात गेलात आणि नियमांचं पुस्तक घेऊन आलात. बेचाळिसाव्या वर्षी, टेलिफोन खात्यातला माणूस, रात्री दहा वाजता चष्मा कपाळावर ढकलून एन पासंट पाठ करतोय. किल्लेकोट, म्हणजे एकाच खेळीत राजा कोपऱ्याकडे आणि हत्ती त्याच्या पलीकडे, मात्र तुम्हाला कधी पटला नाही. "राजा आहे की कोण? हत्तीच्या आड लपतो," म्हणायचात, आणि माझ्याशी खेळताना राजा मधेच उघडा ठेवून हरायचात. आईचा प्रश्न वेगळाच होता. मी पुस्तकातून क्वीन क्वीन म्हणायला लागले तेव्हा ती कणीक तिंबता तिंबता म्हणाली, "म्हणजे तो वजीर बाई होता होय इतके दिवस?"

आई, तुझ्या खेळाबद्दल मी कधी नीट लिहिलं नाही कुणाला. शाळेत डब्याच्या सुट्टीत कॅरम मुलग्यांच्या ताब्यात असायचा, एकच बोर्ड, एका भोकाची जाळी फाटलेली, बोरिक पावडर सरांच्या कपाटात कुलुपात. आम्हाला वाट बघूनच सुट्टी संपायची. घरी मात्र तू. ओट्यावर कुकर ठेवून यायचीस, तीन शिट्ट्यांत अर्धा बोर्ड रिकामा करून जायचीस. गणपतीत सोसायटीच्या स्पर्धेत तू साठेकाका, कुलकर्णीकाका, सगळ्यांना ओळीने घरी पाठवलंस, तेही पदर खोचून, उभ्याउभ्या. राणी घेतलीस की लगेच कव्हर. मी नुसतीच राणी घ्यायची, कव्हर चुकायचं आणि राणी परत मध्यभागी. तू म्हणायचीस, "घेणं सोपं असतं गं." आणि स्ट्रायकर भोकात गेला की एक सोंगटी परत ठेवायची, आणि परत ठेवायला जिंकलेली सोंगटीच नसेल तर 'ड्यू'. मी विसरले की तू बरोब्बर आठवण करायचीस. चार-पाच चाली झाल्यावरसुद्धा. "एक ड्यू आहे तुझी."

आता मुद्द्यावर येते. बराच वेळ टाळलं.

१९९५चा पावसाळा आठवा. मी आठवीत. न्यूयॉर्कला आनंद आणि कास्पारोव्हची जगज्जेतेपदाची लढत चालली होती आणि तुम्ही सकाळी पेपर आला की आधी डाव, मग चहा असं करत होतात. पहिले आठही डाव बरोबरीत. त्याच दिवसांत गणपती दूध प्यायला लागले, आई पेला घेऊन रांगेत, तुम्ही पटावर, आणि दोघांचं एकमेकांकडे बघून हसणं. नववा डाव आनंदने जिंकला तेव्हा तुम्ही मला झोपेतून उठवलंत. दहाव्यात कास्पारोव्हने त्याला असा काही घेतला की तुम्ही दिवसभर बोलला नाहीत. शेवटी साडेदहा-साडेसात, कास्पारोव्हच्या बाजूने. पण त्या महिनाभरात तुम्ही माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलात. खाडिलकर भगिनींच्या गोष्टी सुरू झाल्या, रोहिणी खाडिलकर १९८१ साली आशियाई विजेती कशी झाली वगैरे. मला ते आवडायचं आणि पोटात गोळाही यायचा.

त्याच हिवाळ्यात ती स्पर्धा. पेठेतल्या एका शाळेच्या सभागृहात, सतरंज्यांवर डेस्क मांडून, स्विस लीग, सहा फेऱ्या. चावीची घड्याळं, लाल फ्लॅग. शेवटच्या फेरीआधी मी आणि एक दुसऱ्या शाळेची मुलगी, दोघी पाच-पाच गुणांवर. सातवीतली असेल. निळ्या रिबिनी, आणि विचार करताना ती रिबिनीचं टोक चावायची. बाहेर व्हरांड्यात पालक. तुम्ही अर्धी रजा टाकून आला होतात. खिडकीच्या गजांतून तुमचा फक्त चष्मा दिसत होता मला.

डाव माझ्याकडे झुकलेला होता. एक प्यादं जास्त. तिचा वजीर डी ६ वर, त्याच्यामागे सी ७ ला उंट, दोघांची नजर माझ्या एच २ वर. त्या घराला माझ्या फक्त एका मोहऱ्याचा जोर होता, एफ ३ वरच्या घोड्याचा. म्हणजे घोडा हलला की वजीर एच २ वर आणि मात, किंवा फार तर घोडा फुकट. हे मला दिसलं, पण थोडं उशिरा. तोपर्यंत मी कागदावर खेळी लिहून टाकली होती, घोडा डी ४, आणि हात घोड्यावर होता. नुसता टेकला नव्हता. धरला होता. उचलला नव्हता इतकंच.

मी हात मागे घेतला. ती म्हणाली, "टच."

बाबा, हे तुम्हीच शिकवलं होतंत. हात लावला की खेळायचं. मोहरं नीट करायचं असेल तर आधी 'ॲडजस्ट' म्हणायचं, मग हात. आधी. मी म्हटलं, "मी ॲडजस्ट म्हटलं होतं." तिने पंचांना बोलावलं. पंचांनी पाहिलं नव्हतं, शेजारच्या पटांवर कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "म्हणाली होतीस का, बेटा?" मी खिडकीकडे बघितलं नाही. "हो सर." मग त्यांनी तिला म्हटलं, खेळा पुढे.

मी लिहिलेलं खोडलं आणि हत्ती डी १ लिहिलं. त्यानंतर तिचा डाव विस्कटला. ती चुकत गेली, रिबीन ओली होत गेली, पस्तिसाव्या खेळीला तिने राजा आडवा केला. हात मिळवताना माझ्याकडे बघितलं नाही तिने. तिच्या आईने तिला विचारलं, काय गं, जिंकत होतीस ना? ती म्हणाली, नाही, हरतच होते. तिने माझं नाव घेतलं नाही. हे जास्त लागलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. कप. येताना तुम्ही तो बसमध्ये मांडीवर धरला होतात आणि कंडक्टरने विचारलं नसतानाही त्याला सांगितलंत. मग तो शोकेसमध्ये, सवाई गंधर्वच्या जुन्या पासांशेजारी. तीस वर्षं. आई दर दिवाळीला पितांबरी लावते त्याला. आई, त्या रात्री मी जेवले नाही तेव्हा तू कपाळाला हात लावून बघितलंस आणि म्हणालीस, "ताप नाही. मग काय झालं?" मी म्हटलं, दमले. तू आणखी थोडा वेळ हात तसाच ठेवलास.

नववीत मी संघातून बाहेर पडले, दहावीचं कारण सांगून. तुम्हाला ते पटलं, किंवा पटल्यासारखं दाखवलंत. २००० साली आपला अभिजित कुंटे ग्रँडमास्टर झाला तेव्हा तुम्ही पेढे आणलेत आणि एक पेढा मला देताना क्षणभर थांबलात. २०२५च्या जुलैत नागपूरची दिव्या देशमुख बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली तेव्हा तुम्ही फोनवर दादाच्या शेजाऱ्यांना सांगत होतात, मला ऐकू येत होतं, "आमचीसुद्धा आंतरशालेय विजेती होती बरं का, सोडलं नसतं तर." मी तेव्हाच सांगायला हवं होतं. फोन स्पीकरवर होता.

आता खरं कारण सांगते पत्र लिहिण्याचं. पटाबरोबर एक फाईल निघाली. बाबा, तुमची टेलिफोन खात्याची, हिरवी दोरी असलेली. त्यात माझे सगळे डाव आहेत, पाचवीपासून नववीपर्यंत, कार्बन कॉप्या, तारखेवार. मला माहीतच नव्हतं तुम्ही ठेवलेत. प्रत्येक डावावर तुमच्या पेन्सिलीच्या खुणा. चांगल्या खेळीला उद्गारचिन्ह, चुकीला प्रश्नचिन्ह, पुस्तकात असतात तशा. पहिल्या वर्षी प्रश्नचिन्हं पुष्कळ.

तो डावही आहे. सत्ताविसावी खेळी. माझ्या अक्षरात 'घोडा डी ४', त्यावर दोन आडव्या रेघा, आणि पुढे 'हत्ती डी १'. त्या खोडलेल्या घोड्याशेजारी, तुमच्या पेन्सिलीने, बारीक, एक प्रश्नचिन्ह.

मी कालपासून त्याच्याकडे बघतेय. घोडा डी ४ ही चूक होतीच, चुकीला प्रश्नचिन्ह देतात. पण खेळलेल्या खेळीला देतात. खोडलेल्या खेळीला खुणा करताना मी तुम्हाला दुसरीकडे कुठेच पाहिलेलं नाही, अख्खी फाईल चाळली. तुम्ही खिडकीत होतात. सभागृहात पंचाने पाहिलं नाही म्हणजे कुणीच पाहिलं नाही असं मी धरून चालले. तुम्हाला माझा हात दिसला होता का? दिसला असेल, तर कप मांडीवर घेऊन तुम्ही काय विचार करत होतात?

सांगायचं नसेल तर नका सांगू. मी तो कागद या पाकिटात घालतेय. पेन्सिल तुमच्याकडे असतेच.

आई, कपाचं काय करायचं ते तू सांग. शोकेस जाणार आहे, ती नव्या घरात मावणार नाही. मला वाटतं तो कप मी नाशिकला पाठवू नये. ती मुलगी कोण, कुठे, मला काही माहीत नाही, नावही आठवत नाही, फक्त रिबिनी. तुझ्या हिशोबाने ही ड्यू आहे, आणि परत ठेवायला माझ्याकडे सोंगटी एवढीच आहे.

बाकी, गोदरेजच्या कपाटाची किल्ली मला मिळत नाहीये. डाळीच्या डब्यात नाही, देवघराच्या खणात नाही. आई, कुठे ठेवलीयस ते फोन करून सांग, हे मात्र स्पीकरवर चालेल. बाबांच्या कानाचं मशीन दादाने दाखवून आणलं का? कॅरम बोर्ड मी माझ्याकडे ठेवून घेतेय, पावडर आणली की फोन करते, तू डिसेंबरात येशील तेव्हा खेळू.

तुमची,
चिंगी