एक बस डोळ्यांदेखत गेली, मग दोन एकदम आल्या

प्रति,
व्यवस्थापक,
प्रवासी सेवा विभाग

विषय : कांदिवली स्टेशन (पूर्व) ते लोखंडवाला फीडर बसचं वेळापत्रक

महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या जूनपासून मी तुमची मासिक पासधारक आहे. ॲपवर आतापर्यंत चार तक्रारी केल्या. चारही वेळा ‘ट्रॅफिकमुळे विलंब झाला, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ एवढंच उत्तर आलं आणि तक्रार बंद झाली. म्हणून हे पत्र.

आधीच सांगते, बस स्वच्छ असतात आणि ड्रायव्हर सभ्य आहेत. या पत्रावरून त्यांच्यापैकी कुणाला मेमो देऊ नका. माझी तक्रार वेळापत्रक बसवणाऱ्याबद्दल आहे.

गेल्या मंगळवारी माझी बोरिवली स्लो लोकल ७.०८ला कांदिवलीला लागली, अगदी वेळेवर. गर्दीतून पूल चढून पूर्वेला उतरायला सात मिनिटं लागतात, माझ्या गुडघ्यांना आठ. मी शेवटच्या पायरीवर असताना ७.१५ची बस निघाली. पुढची ७.३०ला होती, ती आली ७.५४ला आणि तिच्या शेपटाला धरून दुसरी. पहिलीत दारापर्यंत माणसं. दुसरीत मी, एक कॉलेजचा मुलगा आणि त्याची गिटार. गिटारला खिडकीची सीट मिळाली.

याला ट्रॅफिक कसं म्हणायचं? अकुर्ली रोडवर हायवेपर्यंत संध्याकाळी गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात, हे स्टेशनबाहेरच्या वडापाववाल्यालाही ठाऊक आहे. जे रोज होतं, ते वेळापत्रकात धरायला नको का?

दहा संध्याकाळी मी घड्याळ लावून बसले. तुमच्या तीन बस आहेत आणि ‘दर १५ मिनिटांनी’ अशी पाटी आहे. जाऊन-येऊन एका फेरीला ४५ मिनिटं लागली तर हा हिशेब बरोबर आहे : ४५ भागिले ३. दुपारी दोन वाजता तेवढीच लागतात. संध्याकाळी सातला मात्र ७० ते ७५ लागतात. म्हणजे बस अगदी समान अंतराने सुटल्या तरी दुसरी यायला साधारण २४ मिनिटं लागणारच. १५ मिनिटं पाळायची तर पाच बस हव्यात. कुणीतरी दुपारची फेरी मोजून तीच दिवसभर चिकटवली आहे, असा माझा अंदाज आहे.

दोन बस एकत्र का येतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. माझे वडील, आप्पा, बेस्टच्या बसचौकीत स्टार्टर, म्हणजे गाड्या वेळेवर सोडणारे, होते. एक गाडी उशिरा निघाली की तिच्यासाठी स्टॉपवर जास्त माणसं साठतात. ती चढेपर्यंत गाडी आणखी मागे पडते. मागच्या गाडीला माणसंच उरत नाहीत, ती मोकळी पळत येऊन हिला गाठते. दोन गाड्या अशा जुळल्या की आप्पा पुढची सोडायचे आणि मागचीला थांबवून ठेवायचे. ड्रायव्हर कुरकुरला तर म्हणायचे, “चहा घे, पैसे मी देतो.” मुंबईत पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली. त्यामुळे हे ज्ञान या शहराला नवं नाही. तुमच्या बसमध्ये जीपीएस आहे, ॲपवर दोन्ही बसचे ठिपके एकमेकांवर चढलेले मला दिसतात. ते बघून मागचीला थांबवणारं तुमच्याकडे कुणी आहे का?

कस्टमर केअरवरच्या मुलीला विचारलं, वेळापत्रक कोण बनवतं? ती म्हणाली, “मॅम, ते सिस्टीममधून येतं.” सिस्टीमला आकडे देणाऱ्याने कधी संध्याकाळी कांदिवलीचा पूल उतरून पाहिला असता, तर ७.१५ची बस ७.१८ची झाली असती. खर्च शून्य.

हे शिकलेली माणसं मिळत नाहीत असं म्हणू नका. आमच्याच मजल्यावरची मुलगी अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातून ट्रान्सपोर्ट प्लॅनिंग शिकून आली. वरचं भागाकाराचं गणित तिनेच तपासून दिलं. आपल्या पवईच्या आयआयटीतही वाहतुकीचं शिक्षण मिळतं. शहरांकडे या विषयातल्या जाणकारांची वानवा आहे, हे केंद्राच्या २००६च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणानेही मानलं आहे. तुमच्या बसवर रंगीत जाहिराती करणारे लोक आहेत, ॲप बनवणारेही आहेत. मग बस कधी सुटावी हे ज्याला कळतं, असा एक माणूस पगारावर ठेवणं जड का जावं?

माझ्या मागण्या थोड्या आहेत. संध्याकाळची फेरी प्रत्यक्ष मोजून वेळापत्रक नव्याने बसवा. बस वाढवणं जमत नसेल तर पाटीवर २४ मिनिटं लिहा, मी त्या हिशेबाने भाजी घेऊन येईन. स्टेशनला संध्याकाळी पाच ते नऊ एक अनुभवी माणूस उभा करा. ज्या दहा दिवसांची नोंद सोबत जोडली आहे, त्यांचे पासाचे पैसे परत करा.

उत्तर ॲपवर नको, कागदावर पाठवा, आणि खाली वेळापत्रक बसवणाऱ्याची सही असू द्या.

कळावे,
आपली,
एक पासधारक, कांदिवली (पूर्व)