वॅट लिहायला जागा पुरली नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात विद्यापीठाच्या 'हरित परिसर' संकल्पाची बातमी फोटोसकट छापलीत. फोटोत रोपे पाच आणि मागे फ्लेक्स वीस फुटी. 100 मायक्रॉनपेक्षा जाड असल्यामुळे तो प्लास्टिकबंदीत बसत नाही, एवढीच काय ती पळवाट. असो. त्याच अंकात आतल्या पानावर त्याच विद्यापीठाची पंख्यांची निविदा आहे, ती मात्र तुमच्या वार्ताहराने वाचलेली दिसत नाही. 'सीलिंग फॅन, 1200 मिमी, आयएसआय, रंग पांढरा.' संपले! रंग लिहायला जागा पुरली, वॅट लिहायला नाही.

वॅटची अट नसली की सर्वांत कमी दरवाला एक स्टारचे पंखे आणून टाकतो, आणि त्यात त्याची चूकही नसते. जानेवारी 2023 पासून पंख्यांना स्टार लेबल सक्तीचे झाल्याने 75 वॅटचा जुना हिशेब आता कोणी सांगू नये. पण एक स्टारवालाही 50-52 वॅट ओढतोच. बीएलडीसी, म्हणजे ब्रशविरहित मोटरचा पंखा तेवढाच वारा 30 वॅटच्या आसपास देतो. फरक 22 वॅट, रोज 8 तास, वर्षाचे 220 दिवस धरले तर पंख्यामागे जवळपास 39 युनिट. 7 रुपयांनी पावणेतीनशे रुपये. किमतीतला हजार-अकराशेचा फरक चार वर्षांत वसूल होतो, आणि वर्गातला पंखा दहा वर्षे तरी कोणी उतरवत नाही.

'एल-1 चा, म्हणजे सर्वांत कमी दरवाल्यालाच काम देण्याचा नियम आहे, आमचे हात बांधलेले' हे खरेदी समितीचे पालुपद. अहो, एल-1 ठरतो तो तांत्रिक बोलीत टिकलेल्यांमधून! तिथेच लिहा: हवा किमान 210 घनमीटर प्रति मिनिट, वीज कमाल 35 वॅट. हवेला वॅटने भागले की 6 येतात, आणि 2023 च्या स्टार-तक्त्यात या मापाच्या पंख्याला 6 म्हणजे पाच स्टार. एकदा दराची पाकिटे उघडली की मग कितीही हरित संकल्प आठवले तरी उपयोग नाही.

नुसते 'बीएलडीसी' लिहूनही भागत नाही. वर्गात रिमोट आठवडाभर टिकत नाही, म्हणून भिंतीवरून वेग बदलणारे मॉडेल मागावे. जुना रेग्युलेटर काढून थेट वायर जोडण्याचे काम त्याच निविदेत घालावे, नाहीतर पंखा अडखळतो आणि 'हे नवीन पंखे बेकार' म्हणून बोभाटा होतो. या पंख्यांत मोटरआधी सर्किट बोर्ड जातो, व्होल्टेज वर-खाली झाले की हमखास. तेव्हा हमी मोटरची नको, बोर्डाची लिहून घ्या, आणि शंभर पंख्यांमागे पाच बोर्ड जादा. उतरवलेले पंखे वाइंडिंग कापूनच भंगारात द्यावेत. चालू स्थितीत लिलाव केला तर ते दुसऱ्याच्या छताला लागतात आणि वीज तेवढीच जळते.

कागदाचीही तीच गत. 70 जीएसएम (चौरस मीटरला 70 ग्रॅम) ए-4 चे 500 कागदांचे रीम साधारण 2 किलो 180 ग्रॅम भरायला हवे. काटा भांडारात असतो, वजन कोणी करत नाही. पुनर्वापराचा कागद 'मशिनीत अडकतो' म्हणून नाकारतात. पावसाळ्यात रीम फोडून फरशीवर ठेवले तर कुठलाही कागद ओल धरणार आणि अडकणार.

आपले इंदूर दारात कचरा सहा प्रकारांत वेगळा करते. पण मागच्या दाराने काय विकत येते, ते कोणी विचारत नाही.

जाता जाता: रविवारची तुमची गुळगुळीत पुरवणी प्लास्टिकच्या पिशवीत येते. पाऊस नसतानाही. ती पिशवी आम्ही कोणत्या डब्यात टाकायची, तेही एकदा छापा.

आपला,
एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर