बियाणं इंग्लंडचं, रान इटलीचं

उदगीर,
येळवस (वेळ अमावस्या) होऊन आठवा दिवस

प्रिय बंड्या,

स.न.वि.वि.

फोनवर तुझ्याशी भांडायची सोय नाही. मी रंगात आलो की तू "मीटिंग लागली" म्हणून ठेवून देतोस. म्हणून हे पत्र. कागदाला मीटिंग लागत नाही.

येळवसेला तू आलास, कोपीपाशी मांडी घालून तीन वाट्या आंबील प्यालास, भज्जी दोनदा वाढून घेतलीस. मी विचारलं एवढंच, की प्रोग्रेसिव्ह रॉकमधले, म्हणजे त्या लांबलचक, गुंतागुंतीच्या रॉकमधले, सगळ्यात भारी बँड कोणत्या देशानं दिले. तर उंडा मोडता मोडता तू म्हणालास, "इंग्लंड. विषय संपला." आणि लगेच आमच्या काकांना तुरीचा भाव विचारायला लागलास. असा संपतो का बे विषय? आठ दिवस झाले, दुकानात बसून मनातल्या मनात तुला उत्तरं देऊलालोय. परवा एकजण हरभऱ्यावरच्या घाटेअळीचं औषध मागत होता, मी त्याला बुरशीचं काढून दिलं. त्यानंच बाटली वाचून परत केली म्हणून बरं.

आधी तुझं जेवढं खरं आहे तेवढं पदरात घालतो. सुरुवात इंग्लंडची, ह्यात वाद नाही. ऑक्टोबर 1969 मध्ये किंग क्रिमसनचा पहिला अल्बम आला आणि रॉकवाल्यांना कळलं की तीन मिनिटांच्या गाण्याला कुंपण नाही. मग 1972 हे एकच साल घे. येसचा 'क्लोज टू द एज', जेनेसिसचा 'फॉक्सट्रॉट', जेथ्रो टलचा 'थिक ॲज अ ब्रिक', ज्यात दोन्ही बाजूंना मिळून एकच गाणं आहे. एका वर्षात एका देशानं एवढं पीक काढलं. जेनेसिसची पोरं चार्टरहाउससारख्या बड्या बोर्डिंग शाळेतली, रोज सकाळी चर्चमध्ये उभं राहून स्तोत्रं म्हणणारी. त्यांच्या गाण्यातला तो ऑर्गन आणि ते गंभीर चढत जाणारे सूर कुठून आले हे वेगळं सांगायला नको. आपल्या पोरांच्या कानात हरिपाठ असतो तसं ते.

आणि मेलोट्रॉन. तुला ह्या वाद्याचं कौतुक मी कितीदा सांगितलंय, तरी परत सांगतो. दिसायला पेटीसारखं, पण प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत. पट्टी दाबली की फीत सरकते आणि तिच्यावर आधीच रेकॉर्ड करून ठेवलेलं व्हायोलिन किंवा बासरी वाजते. फीत फक्त आठेक सेकंदांची. तेवढ्यात बोट उचललं नाही तर सूर तुटलाच. उचललं की स्प्रिंग फीत मागं ओढून घेते. हे बनायचं बर्मिंगहॅमकडं. किंग क्रिमसनच्या पहिल्या अल्बममध्ये जो धुक्यासारखा वाद्यमेळ ऐकू येतो, तो ह्या डब्यातून. आपल्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्या बुवांना असं वाद्य दिलं असतं तर? ते एक सूर धरून डोळे मिटून बसतात, आठ सेकंदांत त्यांचं 'रा' सुद्धा पुरं होत नाही.

एवढं दिलं तुला. आता माझं ऐक.

मी बियाण्याच्या दुकानात बसतो. सोयाबीनच्या पिशवीवर 70 टक्के उगवण लिहिलेली असते. तीच पिशवी, त्याच लॉटची, एकाच दिवशी दोघांना देतो. एकाच्या रानात गुडघ्याएवढं पीक, दुसरा पंधरा दिवसांनी येऊन काउंटरवर हात आपटतो. प्रोग्रेसिव्ह रॉकचं बियाणं इंग्लंडचं, हौ. पण ते सगळ्यात जोमानं आलं ते इटलीच्या रानात, असं माझं म्हणणं आहे.

पुरावा पाहिजे? व्हॅन डर ग्राफ जनरेटर, बँड इंग्रजांचाच. त्यांच्या 'पॉन हार्ट्स'ला घरी कोणी विचारलं नाही. इटलीत तो 1972 मध्ये पहिल्या नंबरवर जाऊन बसला. एवढं अवघड, एवढं किंचाळणारं संगीत, आणि एक अख्खा देश ते विकत घेऊन ऐकतोय! असे कान तयार असलेल्या देशात बँड निघणार नाहीत तर काय निघणार?

आणि नावं तरी काय ठेवली पठ्ठ्यांनी. प्रेमिआता फोर्नेरिया मार्कोनी, म्हणजे बक्षीसपात्र मार्कोनी बेकरी. बांको देल मूतुओ सोक्कोर्सो, म्हणजे आपल्या भाषेत परस्पर साहाय्य पतसंस्था. ह्या दुसऱ्यांच्या पहिल्या अल्बमचं पाकीटच मुळी पैसे टाकायच्या मातीच्या गल्ल्याच्या आकाराचं होतं. एका पतसंस्थेत माझे अडकलेले पैसे तुला माहीतच आहेत (नाव घेत नाही, तोंड कडू होतं). त्यामुळं पतसंस्था म्हणलं की माझ्या पोटात गोळा येतो. ही एकच अशी, जिच्यात टाकलं ते दुपटीनं परत मिळालं. त्यांचा गायक फ्रांचेस्को दी जाकोमो, दाढीवाला, अंगानं पैलवान, आणि आवाज असा की ऑपेराच्या मंचावरून थेट चुकून रॉकच्या बँडमध्ये उतरलाय. त्या पोटातून इतका हळवा सूर निघतो की आपणच ओशाळून जावं. 2014 मध्ये अपघातात गेला बिचारा.

बेकरीवाल्यांचं 'इम्प्रेसिओनी दी सेत्तेम्ब्रे' तू गाडीत पुढं ढकलतोस, हे मला माहीत आहे. पुढच्या वेळी ढकलू नको. त्यात घडत काहीच नाही. सप्टेंबरातली पहाट, चहूकडं दव, सूर्याचा पत्ता नाही, रान अजून झोपलेलं, आणि एक माणूस चालतोय. गायक हळू आवाजात हे सांगत जातो. आता ध्रुपद येणार, शब्द येणार म्हणून आपण कान टवकारतो, आणि शब्द येतच नाहीत. ध्रुपद सगळं मूग सिंथेसायझर गातं (खायचा मूग नव्हे, विजेवर सूर काढणारं वाद्य). ज्या ठिकाणी माणसाला सांगता येईना, त्या ठिकाणी यंत्राला पुढं केलं. मी हे पहिल्यांदा नीट ऐकलं ते सप्टेंबरातच, सोयाबीनच्या शेंगा भरायच्या दिवसांत. तीन आठवडे पाऊस नव्हता, मी सकाळी सहाला बांधावर उभा होतो आणि पायाखाली दव सुद्धा नव्हतं. मला इटालियनमधलं ओ की ठो कळत नाही. तरी त्या मूगच्या जागी माझ्या घशात जे आलं ते मराठीच होतं.

इथं तुझा मुद्दा मोडतो, बंड्या. इंग्रजांना त्यांच्याच भाषेत गायचं होतं, त्यात काय मोठं? इटलीतल्या पोरांना सोपं होतं की इंग्लिशमध्ये गावं, लंडनला विकावं. बेकरीवाल्यांनी पुढं तसंही करून पाहिलं. पण जीव त्यांनी ओतला तो घरच्या बोलीत गाताना.

आता आरेआ हा बँड. ह्यांच्याबद्दल मी येळवसेला तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात तुझ्या पोरानं ज्वारीत बॉल घालवला. गायक देमेत्रियो स्त्रातोस, आई-बाप ग्रीक, जन्म इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा, गायला इटलीत. एका गळ्यातून एकाच वेळी दोन सूर काढायचा. खोटं वाटत असेल तर ऐकून बघ. तो आजारी पडला तेव्हा उपचाराला पैसे गोळा करायला मिलानमध्ये मोठा कार्यक्रम ठरवला होता, 14 जून 1979 ला. तो 13 तारखेला न्यूयॉर्कच्या दवाखान्यात गेला. वय 34. कार्यक्रम रद्द केला नाही, सगळे आले, वाजवलं. मदतीसाठी बोलावलेली माणसं श्रद्धांजलीला उभी राहिली. हे वाचलं त्या दिवशी मी शटर लवकर ओढलं होतं.

आणि ले ओर्मेचा 'फेलोना ए सोरोना', 1973 चा. ह्याच्यावर तर आपल्या दोघांचं एक जुनं देणं आहे. संभाजीनगरला (तेव्हाचं औरंगाबाद) हॉस्टेलवर एका सीनियरनं आपल्याला सीडी जाळून दिली होती, शंभरएक गाणी, वर मार्करनं नुसतं 'इटली' लिहिलेलं. आठवतंय? त्या शहाण्यानं गाण्यांना नंबरच टाकले नव्हते. प्रत्येक अल्बमची गाणी ए टू झेड लागलेली. ह्या अल्बमची गोष्ट दोन ग्रहांची. फेलोना सुखात, सोरोना दुःखात. मग सोरोनाकडं उजेड यायला लागतो तसा फेलोनाकडचा जातो, आणि शेवटी दोन्हीचं काहीच उरत नाही. शेवटच्या गाण्याचं नावच 'शून्याकडे परत' अशा अर्थाचं. आपण काय ऐकत होतो? शून्य सहाव्या नंबरवर, आणि त्यानंतर आणखी तीन गाणी. जे पहिलं गाणं, साडेआठ मिनिटांच्या वरचं, ते आपल्याकडं सगळ्यात शेवटी. प्रलयानंतर सृष्टी सुरू. आपण चार वर्षं त्याच्यावर गच्चीवर तासन् तास चर्चा केली, तू म्हणायचास ह्यात पुनर्जन्म आहे, आणि मी मान डोलवायचो. पुनर्जन्म कसला, त्या गाण्याचं नाव एसनं सुरू होतं आणि एस अक्षर शेवटी येतं म्हणून!

बाकीचे देश झटपट उरकतो. जर्मनीला तू मध्येच ओढशील. कॅन हा कोलोनचा बँड, त्यातले दोघं श्टॉकहाउझन ह्या जर्मन संगीतकाराचे शिष्य, ड्रमवाला याकी लीबेत्साइट तासभर एकच ठेका असा धरायचा की पिठाची गिरणी वाटावी. मला फार आवडतं. पण त्यांना इंग्रजांसारखं सजवायचंच नव्हतं, सगळं टाकून देऊन नव्यानं सुरू करायचं होतं. तो वाद वेगळा, त्याला वेगळं पत्र लागेल. अमेरिका, कॅनडा राहू दे. रशचा 'ट्वेंटी वन ट्वेल्व्ह' मी मानतो, पण ड्रीम थिएटर ऐकताना मला अकरावीच्या क्लासमध्ये बसल्यासारखं वाटतं. उत्तर बरोबर असतं, घाम आपल्याला येतो.

स्वीडनवर मात्र थांबतो, कारण माणसी हिशोब काढला तर तेच पुढं जातील. 1992 मध्ये आंग्लागोर्ड नावाच्या पोरासोरांच्या बँडनं 'हिब्रिस' काढला. मेलोट्रॉन तोवर लोकांनी माळ्यावर टाकलेला, ह्यांनी खाली उतरवून पुसून वाजवला. मागून ओपेथ, फ्लॉवर किंग्ज, आनेकदोतेन. तेव्हा अख्ख्या स्वीडनची वस्ती नव्वद लाखसुद्धा नव्हती. 2011 च्या जनगणनेत आपला मराठवाडा पावणेदोन कोटींच्या वर. म्हणजे आपल्या निम्म्यात त्यांनी एवढं केलं. तिकडं नगरपालिकांच्या संगीतशाळा असतात, पोराला हातात वाद्य मिळतं. आपल्या नगरपालिकेकडं नळाला पाणी कधी येणार हे विचारायचं, वाद्य कुठलं मागतोस.

चिलीच्या लोस हायवासनं 1981 मध्ये नेरुदाच्या माचू पिच्चूवरच्या कवितांना चाली लावल्या. एका बाजूला सिंथेसायझर आणि पियानो, दुसऱ्या बाजूला डोंगरातल्या बासऱ्या आणि चारांगो, आणि कोणी कोणाच्या पाया पडत नाही. मायदेशापासून लांब, फ्रान्सात राहून केलं हे त्यांनी. ते ऐकलं की मला आपलं तुळजापूर आठवतं. रात्रभर चालणारा गोंधळ, संबळ, तुणतुणं, झांज, दिवटी, मध्येच बोलणं, मध्येच गाणं, मध्येच थट्टा. लांबलचक रचना आपल्याला कोणी शिकवायची? पण त्या संबळेशेजारी कोणी मूग ठेवला नाही अजून. ठेवला असेल तर मला तरी सापडला नाही.

फ्रान्सवरून एक गंमत राहिली. मॅग्मा हा बँड माहीत आहे ना, ज्यांच्या ख्रिश्चन वांदेरनं स्वतःची एक भाषाच बनवली, कोबाइयन, आणि बहुतेक गाणी तिच्यात? मागच्या महिन्यात दुकानात कोणी नव्हतं म्हणून मी 'मेकानिक देस्त्रुक्तिव्ह कोमांदो' मोठ्यानं लावलं होतं. आपल्या भागात जागरण-गोंधळाला संबळ वाजवणारे ते म्हातारे मामा आहेत ना, ते खत घ्यायला आले. काउंटरवर दोन्ही हातांची बोटं टेकवली आणि ऐकत उभे राहिले. थोड्या वेळानं डाव्या हातानं खालचा ठेका धरला, उजव्यानं वरचा. मध्ये एकदा चुकले, स्वतःशीच "हां" म्हणाले आणि परत सापडवलं. पाच-सात मिनिटं गेली असतील. मग मला म्हणाले, "ह्याच्या अंगात आलंय."

मी म्हणलं, मामा, तो काय बोललाय कळलं का?

"अंगात आल्यावर कोणाचं कळतंय?" म्हणाले, आणि युरियाच्या भावावरून माझ्याशी वीस मिनिटं भांडले.

तर आता उत्तर लिहून पाठव. नुसतं "इंग्लंड" असं एका शब्दात चालणार नाही, निदान दोन पानं पाहिजेत. आणि पिंक फ्लॉइडचं 'मनी' हे गाणं सात मात्रांचं आहे हे तूच मला तबल्याच्या क्लासच्या जोरावर समजावलं होतंस, तेव्हा "मला त्यातलं कळत नाही" अशी पळवाट काढू नकोस.

आईनं ज्वारीचं पीठ आणि कारळाची चटणी दिलीय, भाच्याच्या हातानं पाठवतोय. सोबत पेनड्राइव्ह आहे. ह्या वेळी प्रत्येक गाण्याला नीट नंबर टाकलेत, 01, 02 असे. फक्त 'फेलोना ए सोरोना' दोनदा दिलाय, एकदा बरोबर क्रमानं आणि एकदा आपल्या हॉस्टेलच्या क्रमानं. बरोबर क्रमाचा मी चारदा ऐकला. चांगला आहे.

पेनड्राइव्ह पाकिटात आहे, पिठाच्या डब्यात नाही. मागच्या वेळी वहिनींनी भाकरीत थापला असता.

तुझा,
शिऱ्या