बंड्याला चौथ्या मजल्यावर नेताना

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. चिपळूणचं घर बंद करून आईला घेऊन ठाण्याला जायचं पक्कं झालं, सामानाचा टेम्पोही ठरला, आणि अडलंय ते बंड्यापाशी. तीन वर्षं कौलांवरून हिंडलेला बोका चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांत टिकेल का, असं विचारलंयस. टिकेल, पण नुसतं दार लावून घेतलं म्हणजे भागलं, असं समजू नकोस. अंगणात त्याला दिवसभर कामं असतात: टेहळणी, शिकार, चढणं, नख्या घासणं, हद्द राखणं. ती सगळी घरात आणून द्यावी लागतील. नाहीतर तो ती स्वतः शोधेल, आणि मग सोफा तुझा.

पहिलं काम चिपळुणातच उरक. निघायच्या दीड महिना आधी नसबंदी करून घे. वागण्यात फरक पडायला काही आठवडे जातात. तसाच नेलास तर खालच्या आवारात भाटी ओरडली की रात्रभर दार खरवडेल आणि पडद्यांवर मुताच्या पिचकाऱ्या मारेल. मग वास आणि शेजारी, दोन्ही सांभाळत बस. त्याच फेरीत रेबीजची लस, मांजरांच्या तीन रोगांवरची एकत्रित लस आणि जंताचं औषध घेऊन टाक. पिसवांचं औषध मात्र डॉक्टरांकडूनच लावून घे. कुत्र्यांच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं आणि ते मांजराच्या जिवावर बेततं.

काळ म्हणशील तर पावसाळाच बरा. कोकणच्या पावसात मांजर आपणहून पडवीत बसून राहतं, तेव्हा घरात राहायची सवय निम्मी तिथेच होते. आत्तापासून खाणं दिवसभर उघडं ठेवू नका. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी, घरातच, ताटली वाजवून द्या आणि रात्री कडी लावा. न्यायचा पिंजरा आजच काढून जमिनीवर उघडा ठेव, आत त्याचं गोणपाट घाल. डॉक्टरांकडे जायच्या दिवशीच माळ्यावरून उतरणारा पिंजरा मांजर कधी विसरत नाही. दिवाळीच्या आसपास हलवू नकोस, फटाक्यांनी महिनाभराची मेहनत एका रात्रीत जाते.

तो पोचण्याआधी ठाण्याचं घर बंदिस्त झालं पाहिजे. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी मांजर दातांनी कुरतडतं, डासांची जाळी नखाने फाटते. खिडक्यांना आणि गॅलरीला इंचभर भोकाची स्टीलची जाळी चौकटीत बसवून घे. ग्रिल आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस, डोकं गेलं की बहुधा मागून अंगही जातं. संडास-बाथरूमच्या काचेच्या पट्ट्यांची खिडकी सगळे विसरतात. तिथून मांजर डक्टमध्ये पडलं तर काढणं महाकठीण. ‘मांजर कुठूनही पडलं तरी पायांवर उतरतं’ असं आई म्हणेलच. न्यूयॉर्कच्या एका प्राणी-रुग्णालयाचा १९८७ सालचा अभ्यास लोक त्यासाठी पुढे करतात: उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांपैकी उपचार केलेली ९० टक्के वाचली. पण त्यात दवाखान्यात पोचलेलीच मोजली आहेत. जागीच मेलेलं मांजर दवाखान्यात कोण नेतो? आणि वाचलेल्यांतही छातीला मार, जबडा फुटणं, पाय मोडणं होतंच.

गेल्यावर पहिले आठ-दहा दिवस एकच खोली. सगळं घर एकदम दाखवलंस तर पलंगाखाली जाऊन बसेल. खोलीत एक खोका आडवा ठेव, शिरून लपायला. त्याचं गोणपाट आणि आईची जुनी गोधडी न धुता आण, कारण त्यांना त्याचा स्वतःचा वास आहे आणि नव्या जागेत ओळखीचं तेवढंच. ओढून बाहेर काढू नकोस. जवळ बसून पेपर वाच, तो येईल. दिवसभर काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन कर. मांजराने, त्यातही गुबगुबीत मांजराने, दोन-तीन दिवस उपास केला तर यकृतात चरबी साठून जिवावर येऊ शकतं.

शौचाची सोय करताना लोक दुकानातला छोटा, झाकणवाला डबा आणतात आणि तिथेच फसतात. ६० बाय ४० सेंटिमीटरचा उघडा टब घे, तोही दोन, वेगवेगळ्या जागी. खाण्याच्या ताटलीशेजारी नको आणि वॉशिंग मशीनजवळ तर नकोच: कपडे पिळताना मशीन घरघरलं की तो त्या टबात पुन्हा पाय ठेवणार नाही. मातीत जायची सवय आहे, म्हणून परसातली गोणीभर माती चाळून, उन्हात वाळवून बरोबर ने. सुरुवातीला निम्मी माती, निम्मं गोळे बनणारं बिनवासाचं लिटर (म्हणजे मांजराच्या टबात घालायचं दुकानातलं भरड), थर दोन-अडीच इंच. दर आठवड्याला माती थोडी कमी कर. दिवसातून दोनदा उपसायचं. बाहेर कुठे केलंच तर ओरडू नकोस, ओरडण्याने तो फक्त लपून करायला शिकतो. ती जागा एन्झाइमवाल्या क्लीनरने पूस. अमोनियाचा द्रव नको, त्याचा वास मुतासारखा येतो आणि तो परत तिथेच जातो.

आता खरी परीक्षा: पहाटे साडेचारचं रडगाणं. मांजराची शिकारीची वेळ पहाट आणि तिन्हीसांजा, त्यामुळे तेव्हाच त्याला बाहेर जायचं असतं. ओरडून दार उघडत नाही म्हटल्यावर ओरडणं आधी वाढतं आणि मग उतरतं. वाढतं तेव्हाच घरातलं कोणीतरी वैतागून उठतं. दहाव्या दिवशी आईने ‘जाऊ दे गो बाई’ म्हणत खायला घातलं किंवा दार किलकिलं केलं, तर तो एवढंच शिकेल की दहा दिवस ओरडायचं असतं. म्हणून आधी घरात सगळ्यांचं एकमत कर, मग सुरुवात.

नुसतं दुर्लक्ष पुरत नाही, त्याला दमवावंही लागतं. काठीला दोरी, दोरीला पिसं किंवा चिंधी बांध. संध्याकाळी आणि झोपण्याआधी दहा-पंधरा मिनिटं खेळव. चिंधी त्याच्याकडे नेऊ नकोस, त्याच्यापासून लांब पळव, सोफ्याआड लपव, थांबव. उंदीर काही आपणहून तोंडात येत नाही. शेवटी पकडू दे आणि लगेच रात्रीचं जेवण वाढ. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप हा त्याचा क्रम आहे. तो पुरा झाला की तो आडवा होतो. लेझरचा ठिपका कधीच हाती लागत नाही, मांजर चिडचिडं होतं. तो आणूच नकोस.

नख्या घासायच्या खांबाचं म्हणशील तर किमान तीन फूट उंच हवा, त्याने पूर्ण ताणून उभं राहावं एवढा, आणि बूड जड. डगमगला की पुन्हा हात लावणार नाही. आंब्याच्या ओंडक्याला जाड सुंभ घट्ट गुंडाळलास तर दुकानापेक्षा सरस होईल. तो कोपऱ्यात दडवू नकोस, झोपायच्या जागेशेजारी ठेव. उठल्याउठल्या ताणून नख्या घासायच्या असतात. खिडकीशी एक रुंद फळी ठोक. कबुतरं बघत तासन्‌तास बसेल, ती त्याची टेहळणी. कुंडीत गहू पेर, घटाभोवती पेरतात तसेच. आठ-दहा दिवसांत चघळायला गवत तयार. पावसात रानोमाळ उगवणारी खोकली माहीत आहे ना? तिच्या मुळाच्या वासाने कित्येक मांजरं लोळतात. फडक्यात घट्ट बांधून हुंगायला दे, खायला नको.

आईचं दूध-भात आणि सुकट मात्र बंद. मोठ्या मांजराला दूध बहुधा पचत नाही, सुकटात मीठ फार, आणि भातातून टॉरिन हे मांजराला लागणारं पोषकद्रव्य मिळत नाही. ते कमी पडलं की डोळे आणि हृदय खराब होतं. नसबंदीनंतर भूक वाढते, गरज मात्र कमी होते. चार किलोच्या बोक्याला दिवसाला साधारण २०० कॅलरी, म्हणजे कोरडं खाद्य ५०-५५ ग्रॅम, वजन करून. त्यातलं थोडं कमी करून ओलं खाद्य दे, कारण घरबसले बोके पाणी कमी पितात. आणि हे फ्रिजवर लिहून ठेव: टबात वारंवार बसतो, कळ देतो, पण लघवी होत नाही, तर सकाळची वाट न बघता तसाच दवाखाना गाठ. मूत्रमार्ग तुंबला की एक-दोन दिवसांत खेळ संपतो.

दाराशी त्याचे लाड नकोत. घरी आलास की चपला काढ, सरळ आत जा आणि तिथे हाक मार. दाराशी माया मिळते असं कळलं की तो दारातच मुक्काम ठोकतो.

आईंना नमस्कार सांग. बंड्याला कानामागे खाजव.

तुझा,
दिलीप

ता. क. फरशी पुसायला फिनेल वापरू नका. ते पंजांना लागतं, तो पंजे चाटतो, आणि मांजराच्या यकृताला त्यातलं फिनॉल निपटत नाही. कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही काढ. फुलदाणीत लिलीची फुलं तर चुकूनसुद्धा नकोत, अंगावर पडलेले पराग चाटले तरी मूत्रपिंडं जातात.