अंगणवाडीच्या अंगणात चार फूट माती राहू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात बावीस वर्षांपासून अंगणवाडी सेविका आहे. आमच्या आवारात दिवाळीत पेव्हर ब्लॉक बसले. चिखल गेला, झाडझूड सोपी झाली, हे मी मान्य करते. पण त्या ब्लॉकखाली पोरांचा वाफा गेला. भिंतीलगतचा तेवढा तुकडा सोडा, असं मी काम सुरू व्हायच्या आधीच सांगितलं होतं. "ताई, काम अर्धवट दिसेल," असं उत्तर मिळालं.

वाफा फार मोठा नव्हता. दहा फूट लांब, चार फूट रुंद. मेथी, भेंडी, अंबाडी, कडेला झेंडू आणि खिडकीच्या गजांवर वेल. पहिल्या वर्षी मी दोडका लावला. दोडके लागले, पण उमललेलं फूल काही पोरांना दिसेना. दोडका फुलतो संध्याकाळी आणि आमची पोरं दुपारीच घरी जातात. मी शेतकऱ्याची लेक, तरी हे कधी माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मग एका पोराच्या मोठ्या मायनं गिलक्याचं, म्हणजे घोसाळ्याचं, बी दिलं. गिलकं सकाळी फुलतं.

त्याच वेलाखाली एकदा सव्वाचार वर्षांची एक पोरगी बराच वेळ मान वर करून उभी होती. मला हाक मारून म्हणाली, "ताई, या फुलले पिल्लू शे!" म्हणजे या फुलाला पिल्लू आहे. पाहिलं तर पिवळ्या फुलामागं करंगळीच्या पेराएवढं हिरवं गिलकं. लगेच पुढचा प्रश्न, "मंग त्या दुसरा फुलेसले काब्र नही?" म्हणजे दुसऱ्या फुलांना का नाही? मी उत्तर दिलं नाही. पिल्लू असलेल्या फुलाच्या देठाला लाल दोरा बांधला, नसलेल्याला पांढरा. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या दोऱ्याचं फूल खाली पडलेलं होतं. लाल दोऱ्याचं गिलकं मात्र वाढत होतं. पोरं रोज बोटानं मोजायची, एक बोट, दोन बोटं, मग वीत. भिंतीवर गेरूनं रोजची एक रेघ. त्या आठवड्यात मला एकदाही "चला, आकडे म्हणा" असं म्हणावं लागलं नाही. फुलावर मधमाशी का येते, हा प्रश्नही त्यांनीच काढला. एका फुलातली पिवळी पूड ती दुसऱ्या फुलात नेते, तेव्हा गिलकं धरतं, एवढंच मी सांगितलं. त्यानंतर मधमाशी दिसली की हाकलायला धावणारी पोरं "गप, ती कामले लागेल शे" (ती कामाला लागली आहे) असं एकमेकांना सांगू लागली.

कढीपत्त्याच्या रोपावर एका पोराला चिमणीची शिट दिसली. पुसायला गेला, तर ती हलली. अळी होती. मग हिरवी झाली, मग कोष, आणि एका सकाळी कोष रिकामा. फुलपाखरू उडताना कुणालाच दिसलं नाही, म्हणून दोघं रडली. ते रडणंही मला मोलाचं वाटलं.

एका आईनं मात्र मला स्पष्ट विचारलं, "आम्ही दिवसभर कापूस वेचतो. पोरीनं मातीत हात घालू नये म्हणून तर इथं पाठवतो ना?" तिचा प्रश्न मला आजही सलतो, कारण तो खरा आहे. मी तिला म्हटलं, शेतात पोरीला कामाला लावतात, इथं आपण तिला पाहायला लावतो. पटलं की नाही, ठाऊक नाही. पण आठ दिवसांनी तिनंच घरून झेंडूचं बी आणून दिलं.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नवं खूळ नाही. शहरातले आईबाप ज्या केजीसाठी फी भरतात, त्या किंडरगार्टन या जर्मन शब्दाचा अर्थच मुलांची बाग असा आहे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांनी 1840 साली ते नाव दिलं आणि त्यांच्याकडं प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटा वाफा असे. आपल्याकडं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेही मुलांच्या अंगणात जाऊन, भोवतालचीच पानं, बिया, शिंपले हाती घेऊन. आमच्या नावात अंगण आहे ते उगीच नाही. 2020 च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळातून शिकणं सांगितलं, आणि आम्ही त्यांच्या पायाखालची मातीच काढून घेतली.

पाण्याचं म्हणाल, तर आमच्याकडं नळ रोज येत नाही. आम्ही पोरांच्या हात धुण्याचं पाणीच वाफ्यात सोडायचो, पावसाळा सरल्यावर मेथी-कोथिंबिरीला ते पुरायचं. विंचू-काट्याची भीती खरी आहे. त्यासाठी वेल जमिनीवर पसरू न देता वर चढवायचा आणि पोरं यायच्या आत मी रोज वाफा पाहून घ्यायचे. उलट, ब्लॉक मार्चमध्येच असे तापतात की अनवाणी पोरं टाचा उचलून पळतात. मे महिन्यात आपल्याकडं पारा 45 च्या घरात जातो, तेव्हा काय होईल?

म्हणून माझी विनंती आहे. जिथं हे काम अजून व्हायचं आहे, तिथं पूर्वेच्या भिंतीलगत चार फुटांची पट्टी मोकळी सोडा. चिखल आवारात येऊ नये म्हणून कडेला एक विटेचा थर पुरे. आणि जिथं काम झालं आहे, तिथं तेवढे ब्लॉक उचलून द्या. ते वाळूवर बसवलेले असतात, दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. आमच्या गावात हे पहिल्या पावसाच्या आत व्हावं. गिलक्याचं बी मी राखेत घालून डब्यात ठेवलं आहे.

आपली,
एक अंगणवाडी सेविका,
ता. अमळनेर, जि. जळगाव