खडूने आखलेल्या दोन पावलांबद्दल

दादरच्या त्या सोसायटीच्या वॉचमनकाकांना,

काका, सप्रेम नमस्कार.

त्या संध्याकाळी समुद्राकडे दिसलेला उल्केचा हिरवट अग्निगोल चार सेकंदांत विझला. खिशातून मोबाईल निघेपर्यंत आभाळ पुन्हा काळं झालं होतं. अशा वेळी हाती राहते ती फक्त बघणाऱ्याची जागा आणि दिशा. ती तुम्ही जपलीत.

गेटजवळ जिथे उभे होतात तिथेच तुम्ही खडूने स्वतःच्या दोन्ही पावलांभोवती रेघ मारलीत. गाडीच्या चाकाखाली ती पुसू नये म्हणून पुढ्यात एक रिकामी कुंडी पालथी घातलीत. पाच दिवसांनी त्याच पावलांवर उभं राहून तुम्ही बोट दाखवलंत, "टाकीच्या डाव्या कोपऱ्याला विझला."

लोखंडी गेटाजवळ मोबाईलचं होकायंत्र भरकटतं. म्हणून पावलांपासून टाकीच्या कोपऱ्यापर्यंतची रेषा सरळ नकाशावरच ओढली. उंची मुठीने मोजली. हात ताणून मिटलेली मूठ धरली की साधारण १० अंश होतात. तो कोपरा तीन मुठींवर भरला. १०० किलोमीटरवर १ अंश चुकला तरी जागा पावणेदोन किलोमीटर सरकते, त्यामुळे "तिकडे, वर कुठेतरी" अशा शंभर नोंदींपेक्षा तुमची एक मोलाची. अलिबागहून तशीच एक नेमकी नोंद आली होती. दोन्ही रेषा समुद्रावर छेदल्या आणि विझण्याची उंची निघाली साधारण ४० किलोमीटर.

सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग मागितलं तेव्हा शेजारच्या एका सोसायटीने "अर्ज द्या, मीटिंगमध्ये ठेवतो" म्हणत दिवस घालवले. तोवर डीव्हीआरने, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राने, जुन्या रेकॉर्डिंगवर नवं चढवलं होतं. तुम्ही मात्र त्याच रात्री सीसीटीव्हीच्या स्क्रीनवरच्या घड्याळाशेजारी आपला मोबाईल धरून फोटो काढलात. कॅमेऱ्याचं घड्याळ ४ मिनिटं पुढे होतं, हे त्यावरूनच कळलं.

एका वाहिनीने तर २ एप्रिल २०२२चा जुना व्हिडिओ लावून "रॉकेटचे तुकडे" म्हणून सांगून टाकलं. तेव्हा खरोखरच चिनी रॉकेटचा टप्पा महाराष्ट्राच्या आभाळात जळत गेला होता, सिंदेवाहीजवळ धातूचं कडंही पडलं होतं. पण तसे तुकडे सावकाश, रांगेने, बराच वेळ सरकत जातात. वातावरणात शिरताना उल्केचा वेग सेकंदाला किमान ११ किलोमीटर असतो, चार सेकंदांत खेळ आटोपतो. बातमी देणाऱ्यांनी तुमच्याकडे येऊन एकदा विचारलं असतं तर!

आवाज आला का, यावर तुम्ही "नाही" म्हणालात आणि वर सांगितलंत, "दहा मिनिटं कान देऊन उभा होतो." आवाज मिनिटाला जेमतेम २० किलोमीटर जातो. एवढ्या लांबून, साधारण ८० किलोमीटरवरून, तो यायला चार मिनिटं लागली असती, म्हणून तुमच्या त्या "नाही"ला वजन आहे. कुणी सांगितलं नसताना, ड्युटी सांभाळून तुम्ही हे केलंत, काका. मनापासून आभार.

आता कुंडी उचलली तरी चालेल. मोजमाप पूर्ण झालं आहे.